एसी लावला की गाडी दबते

२००८ च्या मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला आमची मारुती ८०० पहिल्यांदा बंद पडली. दुपारचे दोन वाजलेले, एसी चालू, मागे आई बसलेली. गाडी न्यूट्रलला आणली, बोनेटखाली कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागला, इंजिन दोनदा थरथरलं आणि गप्प झालं. एसी बंद करून चावी फिरवली तर पहिल्याच झटक्यात सुरू. त्यानंतर प्रत्येक सिग्नलला हेच. "एसी लावला की गाडी दबते," एवढंच मला मेस्त्रींना सांगता आलं. त्यांनी बोनेट उघडून कार्ब्युरेटरच्या बाजूला असलेल्या कुंकवाच्या करंड्याएवढ्या पत्र्याच्या डबीवर बोट ठेवलं. "आयडल-अप गेलाय, ताई."

गाडी १९९८ ची, बाबांनी घेतलेली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. उभ्या गाडीत असं इंजिन स्वतःला फिरतं ठेवण्यापुरतीच ताकद काढत असतं, मिनिटाला नऊशेच्या आसपास फेरे. त्यात कॉम्प्रेसर जोडला गेला की दोन-तीन अश्वशक्तीचं ओझं एकदम अंगावर येतं. मोठ्या इंजिनाला ते कळतही नाही, या इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून ही डबी. एसीचं बटण दाबलं की विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनचा व्हॅक्यूम बारीक रबरी नळीतून डबीत पोचतो, आतला पडदा ओढला जातो आणि त्याला जोडलेली दांडी थ्रॉटल केसभर उघडते. रेस थोडी वाढते, ओझं पेललं जातं. एसी बंद केला की व्हॉल्व्ह डबीत बाहेरची हवा सोडतो आणि दांडी जागेवर येते. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात क्वचितच पाहिली आहे.

त्या वर्षी नाना पेठेतल्या दुकानात नवी डबी काउंटरवरच मिळाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर भाग क्रमांकाची चिठ्ठी. अर्ध्या तासाचं काम. मी विसरूनही गेले.

२०१५ साली तोच त्रास पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच काउंटरवर उत्तर मिळालं, "बंद झाला तो पार्ट." आदल्या वर्षी, १८ जानेवारी २०१४ ला, मारुती ८०० चं उत्पादन थांबलं होतं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आल्यापासून तीस वर्षं झाली होती. मला वाटलं, गाडी बंद म्हणून पार्ट बंद. पण त्याचं मूळ बरंच आधीचं होतं. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीत एसी लागणार हे कॉम्प्युटरला आधीच कळतं आणि तोच इंजिनला जास्तीची हवा देतो. तिथे या डबीला कामच नाही. म्हणजे आमच्यासारख्या गाड्या रस्त्यावर धावत असतानाच तिची गरज असलेली नवी गाडी तयार होणं थांबलं होतं. काउंटरवर २००८ मध्ये मिळाली ती शिल्लक मालातली असणार, हे मला सात वर्षांनी उमगलं.

तेव्हा बऱ्याच गाड्यांवर एक सोपा उपाय व्हायचा: स्लो स्पीडचा स्क्रू आवळून रेस कायमची वाढवून ठेवायची. मेस्त्रींनी तो केला नाही. "स्क्रू आवळायला मला दोन मिनिटं लागतील, पण एसी नसतानाही गाडी रोज जास्तीचं पेट्रोल पिईल," ते म्हणाले. मी रविवारी जुन्या बाजारात गेले. लोखंडाच्या ढिगांतून अशा तीन डब्या मिळाल्या. निवडायची कशी, तेही मेस्त्रींनी शिकवलं होतं: दांडी दाबून धरायची, नळीच्या तोंडावर जीभ टेकवायची आणि दांडी सोडायची. पडदा शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते, फाटला असेल तर हवा सुटते. दोन सुटल्या, एक चिकटली. ती चार वर्षं चालली.

२०१९ मध्ये ती गेली तेव्हा बाजारातही काही उरलं नव्हतं. खरी दुरुस्ती या खेपेला झाली, आणि मी ती शेजारी स्टुलावर बसून पाहिली. डबीचे दोन भाग कडेने पत्रा दुमडून बंद केलेले असतात. मेस्त्रींनी बोथट छिन्नीने ती दुमड गोल गोल फिरत, जेमतेम नखभर उचलली. घाई केली असती तर पत्रा चिरला असता. आत स्प्रिंग ठणठणीत होती. पडदा मात्र उष्णतेने आणि पेट्रोलच्या वाफेने पापडासारखा झालेला, कडेला अर्धचंद्राची चीर. त्या चिरेतून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं, म्हणून एसी लावल्यावर रेस वाढायची तर नाहीच, उलट मिश्रण पातळ होऊन गाडी जास्तच थरथरायची. जुना पडदा सरळ करून त्यांनी पत्र्यावर आखला, फर्मा कापला, आणि त्यावरून पेट्रोल सोसणाऱ्या, आत कापड असलेल्या रबरातून नवा पडदा काढला. पहिला जाड झाला, व्हॅक्यूमने ओढलाच जाईना. दुसरा जमला. दुमड परत बसवून त्यांनी डबी माझ्या हातात दिली. मी जीभ टेकवली. चिकटली.

२०२३ मध्ये फेरनोंदणी होती. तेव्हा त्याला सहाशेऐवजी पाच हजार लागत होते. तपासणीच्या आधी रेस उलट्या बाजूने बिघडली: एसी बंद केला तरी खाली येईना. मला पडद्याचीच भीती होती, पण व्हॉल्व्हची हवा घेण्याची जागा पंचवीस वर्षांच्या धुळीने बुजली होती आणि डबीतला व्हॅक्यूम मोकळा होत नव्हता. ती साफ करताना व्हॉल्व्हचं जुनं प्लॅस्टिक तुटलं. दुसऱ्या एका जुन्या गाडीचा बारा व्होल्टचा, तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवला. नळ्या कुठल्या तोंडाला जातात हे फुंकर मारून ठरवलं.

बाबा आता नाहीत. आई आजही याच गाडीत बसून दर महिन्याला साताऱ्याला मावशीकडे जाते, आणि खंबाटकी उतरून टोलनाक्याच्या रांगेत उभं राहिलं की मी आपोआप एसीचं बटण दाबून कान देते. टक्. आवाज किंचित खाली जातो, लगेच वर येतो, स्थिर होतो.

पत्र्याचा तो फर्मा मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. मार्करने वर "८०० एसी" लिहिलंय. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्याची कड रबर कापून कापून चकचकीत झालेली दिसली. माझ्यानंतर आणखी पाच गाड्यांचे पडदे त्यावरून निघालेत.