मचव्याची हुबेहूब प्रतिकृति

अंधेरीहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता वेसाव्याच्या कोळीवाड्यांत येऊन खाडीच्या मुखाशीं थांबतो. पलीकडे मढ, त्याच्या उत्तरेस मार्वे, मनोरी आणि गोराई अशीं कोळ्यांचीं जुनीं ठाणीं आहेत. उपनगरांत राहणारा सुशिक्षित गृहस्थ रोज लोकलच्या गर्दींतून जातो-येतो. परंतु आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर नौकाबांधणीची एक फार जुनी विद्या नांदत आली आहे, याची त्याला क्वचितच जाणीव असते. ही विद्या समजून घेण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे कोळ्यांच्या मचव्याची प्रमाणबद्ध प्रतिकृति मूळ लांकडापासून स्वतःच्या हातांनीं घडविणें. हा छंद वाटतो तितका पोरकट नाहीं. त्याच्या शेवटीं कपाटांत ठेवण्याजोगी एक शोभेची वस्तु हातीं येते हें खरें. परंतु त्याहून मोलाचें असें कांहीं मागें उरतें, आणि तेंच या उद्योगाचें खरें प्रयोजन होय.

परदेशी जहाजांच्या प्रतिकृतींचे तयार संच बाजारांत मिळतात. त्यांत फळ्या कापलेल्या, नकाशा छापलेला आणि दोरा मोजून दिलेला असतो. घेणाऱ्यानें फक्त जोडणी करावयाची. मचव्याच्या बाबतींत ही सोय नाहीं. नकाशा हवा तर तो स्वतः काढावा लागतो, कारण मूळ मचवा बांधतांनाच कोणीं नकाशा काढलेला नव्हता. कोंकणपट्टीवरील नौका बांधणाऱ्या सुताराचा नकाशा त्याच्या नजरेंत आणि हातांत असे. बापानें बांधलेली नौका मुलानें पाहावी, हाताखालीं काम करावें, आणि वीस वर्षांनीं तोच आकार त्याच्या हातून उतरावा, अशी ही परंपरा. अशा परंपरेची दुसरी बाजू मात्र भयंकर आहे. हात थांबला कीं नकाशाहि नाहींसा होतो.

या गोष्टीचें महत्त्व समजण्यासाठीं मुंबईच्याच इतिहासांतील एक उदाहरण पुरेसें आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें पुढें दीडशें वर्षें येथील गोदींत जहाजें बांधलीं. याच गोदींत इंग्रजांच्या आरमारासाठीं 'त्रिंकोमाली' नांवाची सागवानी युद्धनौका बांधावयाची ठरली. तिचे नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजावरून मुंबईस येत असतांना १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशीं तें जहाज अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेच्या हातीं सांपडलें, आणि नकाशे गेले. तथापि मूळ रेखाटन लंडनच्या दप्तरांत होतें. तेथून नवे नकाशे आले आणि १८१७ सालीं नौका पाण्यांत उतरली. ती आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळते. एका नकाशाचा नाश झाला तरी दप्तरामुळें नौका वांचली. वेसाव्याच्या मचव्याला असें दप्तर कोठें होतें? आंग्र्यांच्या गुराबांचीं आणि गलबतांचीं नांवें इतिहासानें राखलीं, त्यांचे पराक्रम राखले. परंतु त्या बांधणाऱ्या सुतारांच्या हातचीं मापें आपल्यापर्यंत आलीं नाहींत.

कांहीं परकीय अभ्यासकांनीं मात्र वेळीच मापें घेऊन ठेविलीं. जॉन एडाय या जहाज-कारागिरानें १८३४ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील नौकांचें वर्णन प्रसिद्ध केलें. फ्रेंच आरमारांतील पारिस या अधिकाऱ्यानें पृथ्वीप्रदक्षिणेच्या प्रवासांत बंदरोबंदरींच्या देशी नौका मोजल्या, त्यांत आपली फत्तेमारीहि आहे. पुढें पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्यानें आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृति घडवून घेतल्या. मद्रासच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख जेम्स हॉर्नेल यांचा भारतीय नौकांच्या घडणीवरील प्रबंध १९२० सालीं निघाला. या तिघांनीं केलेलें काम एखाद्या उपनगरांतील घराच्या पडवींतहि करतां येतें. लागते ती चिकाटी आणि प्रामाणिक माप.

माप घेण्याचा हंगाम पावसाळ्याचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगामाला पुन्हां जोर येतो. मधल्या काळांत होड्या कांठावर ओढून ठेवलेल्या असतात. एरवीं पाण्याखालीं लपलेला भाग तेवढ्याच दिवसांत डोळ्यांस दिसतो. नुसत्या छायाचित्रावरून प्रतिकृति करणें म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें होय; छायाचित्र तळाचा आकार सांगत नाहीं. प्रथम नाखव्याची परवानगी घ्यावी. ज्या नौकेची पूजा होते तिच्यावर पायताण घालून चढूं नये, हें सांगावयास नकोच. नाखवा आणि तांडेल यांच्या तोंडून प्रत्येक भागाचें नांव विचारून घ्यावें व तें त्यांच्याच उच्चाराप्रमाणें लिहावें. नौकेचा कणा, ज्याला जुने सुतार पठाण म्हणत, पुढची नाळ, मागचें सुकाणूं, डोलकाठी, अशीं नांवें मापांइतकींच जपण्यासारखीं आहेत.

मापाची रीत सोपी आहे. नाळेपासून सुकाणूपर्यंत एक सूत ताणून बांधावें. त्या सुताच्या आधारानें दर दोन फुटांवर खूण करावी. नाळेजवळ व शेपटाकडे आकार झपाट्यानें बदलतो, म्हणून तेथें दर फुटावर. प्रत्येक खुणेपाशीं नौकेच्या कांठावरून ओळंबा सोडावा आणि ओळंब्याच्या दोरीपासून अंगापर्यंतचें आडवें अंतर दर सहा इंच उंचीवर मोजावें. कणा सरळ आहे असें कधींहि गृहीत धरूं नये. त्याच्याखालीं किंवा बाजूनें दुसरें सूत ताणून त्याचा वांक मोजावा. तसेंच एका बाजूचीं मापें दुसऱ्या बाजूस पडताळून पाहावींत. नजरेनें बांधलेल्या नौकेच्या दोन कुशी सारख्या असतीलच असें नाहीं, आणि फरक आढळल्यास तो वहींत लिहून ठेवावा.

यानंतर प्रमाण ठरवावयाचें. घरांत ठेवण्याच्या दृष्टीनें एका फुटास अर्धा इंच, म्हणजे १:२४, हें प्रमाण सोयीचें पडतें. चाळीस फुटांचा मचवा वीस इंचांचा होतो. दहा फुटांची रुंदी पांच इंचांवर येते. दीड इंच जाडीची फळी एकषोडशांश इंच होते. साडेपांच फूट उंचीचा खलाशी पावणेतीन इंचांचा भरतो. या हिशेबांत एक मर्म आहे. मूळ नौकेवर अर्ध्या इंचाची चूक झाली तर ती प्रतिकृतींत केसाएवढी होते. परंतु प्रतिकृतींत एकषोडशांश इंचाची चूक झाली तर ती खऱ्या नौकेवर दीड इंचाची, म्हणजे संपूर्ण फळीच्या जाडीएवढी ठरते. म्हणून कांठावर फार काटेकोर होऊन थकण्यापेक्षां टेबलापाशीं बसल्यावर दक्ष राहणें अधिक अगत्याचें.

मापांवरून तीन रेखाटनें काढावीं लागतात: बाजूनें दिसणारें, वरून दिसणारें आणि आडवे छेद दाखविणारें. एकच बिंदु तिन्हींत येतो आणि तिन्हीं ठिकाणीं त्याचें माप जुळलें पाहिजे. बिंदूंवरून बांबूची पातळ कामटी वाकवून रेषा आंखावी. कामटी एखाद्या ठिकाणीं सहज वळत नसेल तर तेथील माप बहुधा चुकलेलें असतें. पुन्हां कांठावर जाऊन तें तपासावें. रेषा सुंदर दिसावी म्हणून माप बदलणें मात्र टाळावें. फुगवटा खरोखरच नौकेच्या अंगीं असेल, तर तो प्रतिकृतींतहि आला पाहिजे.

आतां लांकूडकाम. खऱ्या मचव्याला साग उत्तम, परंतु प्रतिकृतीला तोच साग शोभत नाहीं. सागाच्या शिरा जाड असतात; त्या लहान होत नाहींत, आणि चोवीस पटीनें मोठ्या दिसून डोळ्यांस खुपतात. त्यापेक्षां हळदू किंवा शिवण यांसारखें बारीक पोताचें लांकूड बरें. आडव्या छेदांच्या आकाराचे पातळ तक्ते कापून ते कण्यावर काटकोनांत बसवावेत; हा सांगाडा झाला. मग फळ्या. एक फळी उजवीकडे बसविली कीं लगेच तिची जोडीदार डावीकडे बसवावी. सगळी एक बाजू आधीं केली तर ओढ बसून कणा पिळवटतो, आणि मग तो कशानेंहि सरळ होत नाहीं.

फळ्यांची रुंदी हा नवशिक्यांचा अडसर. समजा मध्यावर कण्यापासून कांठापर्यंतचा घेर चार इंच आहे आणि बारा फळ्या बसवावयाच्या आहेत. प्रत्येक फळी एकतृतीयांश इंच झाली. नाळेपाशीं तोच घेर तीन इंच असेल तर तेथें प्रत्येक फळी पाव इंचाची हवी. सर्व फळ्या सारख्याच रुंद ठेवल्या तर टोकांशीं त्या एकमेकींवर चढतात आणि नौकेचा डौल जातो. म्हणून प्रत्येक फळी टोकांकडे निमुळती करून, गरम पाण्यांत भिजवून, हळूहळू वाकवून बसवावी. खिळ्यांचीं डोकीं दाखविण्याचा मोह आवरावा. अर्ध्या इंचाचें डोकें प्रतिकृतींत सुईच्या टोंचणीएवढेंच उरतें.

डोलकाठी आपल्या किनाऱ्यावर पुढच्या बाजूस झुकलेली असे आणि शिडाची तिरपी काठी डोलकाठीहूनहि लांब. ती सरळ उभी केली कीं प्रतिकृति ताबडतोब परकी दिसूं लागते. शिडाला जाड कापड वापरूं नये. जुनी, धुवून मऊ झालेली मलमल घ्यावी. मचव्यावर जाळें नसेल तर तो रिकाम्या घरासारखा भासतो. मुंबईच्या कोळ्यांचें डोल जाळें लांबट पिशवीसारखें असतें. समुद्रतळाशीं रोंवलेल्या खुंटांना तें बांधतात. त्याचें रुंद तोंड प्रवाहाकडे असतें, भरती-ओहोटीचा जोर बोंबील, जवळा, कोळंबी आंत लोटतो, आणि पाणी उलटण्यापूर्वीं जाळें ओढून घ्यावें लागतें. तोंडाशीं मोठीं असलेलीं छिद्रें शेपटाकडे बारीक होत जातात. नौकेचा मधला भाग मोकळा कां, खलाशी कोठें उभे राहात, हें त्या जाळ्याकडे पाहिलें कीं उलगडतें.

ही प्रतिकृति पाण्यावर तरेल काय, असा प्रश्न घरांतील मुलें अवश्य विचारतात. त्याचें उत्तर गणितांत आहे. लांबी चोवीस पट कमी झाली कीं शिडाचें क्षेत्र ५७६ पट आणि आकारमान १३,८२४ पट कमी होतें. मूळ मचवा दहा हजार किलोचा असेल, तर त्याच पाणरेषेवर बसण्यासाठीं प्रतिकृतीचें वजन सुमारें ७२३ ग्रॅम असावें लागेल. कलंडविणारा जोर म्हणजे शिडावरील वारा गुणिले उंची; तो १३,८२४ पट कमी होतो. सांवरणारा जोर म्हणजे वजन गुणिले आडवें अंतर. तो ३,३१,७७६ पट कमी होतो. अर्थात् त्याच वाऱ्यांत प्रतिकृतीची सांवरण्याची शक्ति चोवीस पट अपुरी पडते. त्यामुळें ती पाण्यांत सोडावयाची असल्यास कण्याखालीं शिशाची जोड द्यावी लागते, आणि मग तळाचा आकार खोटा होतो. आकार खरा हवा कीं खेळ हवा, याचा निर्णय आरंभींच केलेला बरा.

हें सर्व आतांच कां करावयाचें? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मासेमारीच्या नौकांवर यंत्रें आलीं. शीड गेलें, डोलकाठीची झुकण गेली, पंख्यासाठीं शेपटाकडचा आकार पालटला. पुढें लांकडाच्या जागीं काचतंतूंच्या नौका येऊं लागल्या. यांत कोळ्यांचा दोष नाहीं. समुद्रावर पोट असणाऱ्यानें अधिक निर्धोक साधन कां घेऊं नये? वेसाव्याच्या परिसरांतच १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. माशांची विद्या तेथें शिकविली जाते. परंतु लांकडी मचव्याच्या वळणाची विद्या ज्यांच्या हातांत होती, ते सुतार वृद्ध होत चालले, आणि कांठावर पडलेल्या जुन्या नौका पावसाच्या पाण्यानें कुजत आहेत. कुजलेल्या फळीचें माप घेतां येत नाहीं.

म्हणून प्रतिकृति पुरी झाल्यावर एक काम शेष राहतें. मापांची वही, तिन्ही रेखाटनें, नाखव्यानें सांगितलेलीं नांवें, आणि माप कोठें व कोणत्या दिवशीं घेतलें याची नोंद, हें सारें एकत्र बांधून प्रतिकृतीच्या पेटींतच ठेवावें, आणि त्याची एक प्रत ज्या नाखव्याची नौका मोजली त्याच्या घरीं द्यावी. प्रतिकृति पडेल, मोडेल, वाळवी खाईल. वही असली तर दुसरी करतां येईल. त्याहूनहि मोठी गोष्ट ही कीं, उद्यां कोळीवाड्यांतील एखाद्या तरुणास आपल्या आजोबांचा मचवा पुन्हां खऱ्या लांकडांत बांधावासा वाटला, तर त्याला कोठल्याहि परक्या दप्तराचें दार ठोठावण्याची गरज पडणार नाहीं.