काशिमिऱ्याचा वणवा आणि पहिला तास

फेब्रुवारीच्या मध्यावर मिरा-भाईंदरच्या पूर्वेचा डोंगर तपकिरी होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा पश्चिम आणि उत्तर उतार म्हणजे पानझडीचे रान. साग, ऐन, पळस आपली पाने टाकतात आणि पायाखाली घोटाभर पाचोळा साचतो. त्यात कारवीची भर पडते. दर आठ वर्षांनी ही झुडपे एकदम फुलतात, बी धरतात आणि एकदमच मरतात. उद्यानात ती २०१६ साली बहरली होती, त्या हिशेबाने त्यानंतरचा बहर २०२४चा. बहरानंतर उतारच्या उतार वाळलेल्या काड्यांनी भरून जातात. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते, तो याच कारणाने. डोंगराच्या पायथ्याशी डाचकूलपाडा, माशाचा पाडा, महाजनवाडी, काजूपाडा, चेणे अशी वस्ती आहे, अहमदाबाद महामार्ग आहे, घोडबंदर रस्ता आहे, आणि २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेले शहर आहे. या ठिकाणी वणवा लागला तर सरकार काय करते, हा प्रश्न आपण सहसा बंबांच्या संख्येवरून सोडवतो. किती गाड्या आल्या, किती वेळात आल्या, पाणी पुरले का? माझे म्हणणे असे की, या डोंगरावर हा हिशेबच चुकीचा आहे. इथल्या वणव्याचा निकाल पहिल्या तासात लागतो आणि तो तास पायी चढणाऱ्या माणसांच्या हातात असतो. सरकारची आपत्कालीन व्यवस्था त्या माणसांभोवती उभी राहायला हवी.

हे समजण्यासाठी इथली आग कशी चालते ते पाहिले पाहिजे. दूरचित्रवाणीवर दिसणारी, शेंड्याशेंड्यांवरून झेपावणारी आग आपल्या पानझडी रानात क्वचितच लागते. इथे आग जमिनीसरशी सरकते. पाचोळा, गवत आणि काटक्या खात ती एका वाकड्यातिकड्या रेषेत पुढे जाते. सपाटीवर या आगीचा वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी असतो, पण चढावर ज्वाळा वरच्या पाचोळ्याला आधीच तापवतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुपटीवर जातो, असा अग्निशास्त्राचा ढोबळ नियम आहे. त्यात वाऱ्याची साथ. पायथ्याचा काशिमिरा परिसर डोंगराच्या पश्चिमेला आहे आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडूनच येतो. रस्त्याकडेला टाकलेल्या विडीने किंवा पेटत्या कचऱ्याने लागलेली आग दुपारी हा वारा सरळ डोंगरावर चढवतो. रात्री वारा उलटतो, मतलई वाहू लागतो, आणि तीच आग हळूहळू पायथ्याच्या घरांकडे उतरू शकते. अशा आगीपुढे शहरी बंबाचा फारसा इलाज चालत नाही. बंब बनवलेला असतो रस्त्यासाठी, इमारतीसाठी. डोंगराच्या कुशीत त्याची होजपाइप जिथे संपते, तिथून आग अजून खूप दूर असते. तिथे कामाला येतात ते हिरव्या डहाळ्यांचे झोडपे, पाचोळा उडवून मोकळी पट्टी करणारे ब्लोअर, कोयते, दंताळी आणि आधीच काढून ठेवलेल्या जाळरेषा. जाळरेषा म्हणजे हंगामाआधी मुद्दाम जाळून साफ केलेला पट्टा. आग तिथवर येते आणि खाद्य न मिळाल्याने मरते.

३ डिसेंबर २०१८ची संध्याकाळ याचा धडा देऊन गेली. याच उद्यानाच्या दक्षिण टोकाला, गोरेगावच्या चित्रनगरीजवळ आणि आरे वसाहतीलगत डोंगर पेटला. हा वनखात्याच्या हंगामाबाहेरचा महिना होता. देशातल्या मोठ्या दलांत गणले जाणारे मुंबईचे अग्निशमन दल हाताशी होते, तरी आग किलोमीटरच्या किलोमीटर पसरली आणि रात्रभर धुमसली. गाड्या पोचू शकतील असा रस्ताच आगीपर्यंत नव्हता. जवान, वनकर्मचारी आणि स्थानिक माणसे अंधारात पायी चढली, आणि आग आटोक्यात आणण्याचे काम दुसऱ्या दिवसावर गेले. मुंबईकडे जेवढी साधनसामग्री आहे तेवढी मिरा-भाईंदरकडे कधीच असणार नाही. मग मुंबईला जे गाड्यांनी जमले नाही, ते इथे आणखी गाड्या घेऊन जमेल असे कसे मानायचे?

दुसरी अडचण हद्दीची. डोंगरावरचे रान वनखात्याच्या वन्यजीव शाखेकडे आहे, उद्यानाचे मुख्यालय बोरिवलीत. घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे, खाडीकाठचा नागला बंदराकडचा भाग उद्यानाचाच, पण रस्त्याने तोडलेला. पायथ्याची वस्ती २००२मध्ये स्थापन झालेल्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते आणि अग्निशमन दलही तिचेच. खाडीच्या कांदळवनासाठी २०१२पासून वेगळा कक्ष आहे. पोलीस आयुक्तालय २०२०पासून मिरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी एकत्र आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याची सूत्रे मात्र ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. यातला प्रत्येक जण आपल्या जागी आवश्यक आहे, तरी पेटलेल्या उतारावर आदेश कोणाचा चालणार, हे आधी ठरलेले नसेल तर पहिला तास फोनाफोनीत जातो. नागरिकाचीही तीच अवस्था. तो १०१ फिरवतो, नाहीतर ११२. वनखात्याची १९२६ ही निःशुल्क सेवा डोंगराच्या आगीसाठीही आहे, हे किती जणांना ठाऊक असते? आगीची बातमी कोणत्याही क्रमांकावर आली तरी ती त्याच मिनिटाला त्या भागाच्या वनरक्षकाच्या फोनवर पोचायला हवी. हे तंत्रज्ञानाचे काम नाही, दोन कार्यालयांनी एकदा बसून ठरवण्याचे आहे.

उपग्रह हे काम करतीलच की, असे कोणी म्हणेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून वणव्याचे इशारे थेट मोबाइलवर पाठवते, आणि ही व्यवस्था खरोखर मोलाची आहे. पण तिची मर्यादा समजून घ्यावी. मॉडिस या यंत्राचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा असतो, विअर्सचा ३७५ मीटरचा. विअर्स वाहणारे उपग्रह आपल्या भागावरून ढोबळमानाने दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना दिसेपर्यंत मध्यरात्र उलटते. गडचिरोलीच्या विस्तीर्ण जंगलात हा इशारा अमूल्य ठरतो. काशिमिऱ्यात मात्र पाड्यावरच्या बाईला धूर उपग्रहाच्या कितीतरी आधी दिसतो.

आणि इथेच नेहमीचा आक्षेप येतो: आग लावतात तीच पाड्यांवरची माणसे, त्यांच्यावर कसली यंत्रणा उभी करता? आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, हे खरे. मोहाची फुले वेचायला जमीन साफ करणे, गवत चांगले फुटेल ही समजूत, शिकार, हातभट्टी, रानातली दारूपार्टी, रस्त्यावरून फेकलेले थोटूक, जमीन मोकळी करण्याचा डाव, अशी कारणे अनेक आहेत. त्यातली बरीच कारणे पाड्यांची नसून शहराची आहेत. शिवाय कायदा काय सांगतो ते पाहावे. भारतीय वन अधिनियम १९२७चे कलम ७९ वनात हक्क असलेल्यांवर आगीची खबर देण्याची आणि ती विझवायला मदत करण्याची सक्ती करते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ही संरक्षित क्षेत्रात राहणाऱ्यावर असेच बंधन घालतो. म्हणजे वारली, कोकणा, कोळी कुटुंबांना सरकार गरजेच्या वेळी अग्निशामक मानते, अतिक्रमणाचा विषय निघाला की उपरे मानते. ज्याच्याकडून कर्तव्य मागायचे त्याला मोबदला आणि साधने द्यायला हवीत, एवढा साधा न्याय इथे हुकतो.

त्याची किंमत काय असते हे एप्रिल २०२१मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात दिसले. गोंदिया जिल्ह्यातल्या त्या व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. हंगामी हा शब्द नीट वाचावा. राज्यातल्या जंगलांत आगीच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस बहुधा चार महिन्यांच्या रोजंदारीवर असतो. अग्निशमन दलाच्या जवानाला गणवेश, प्रशिक्षण, विमा, पेन्शन असते. या माणसाच्या अंगावर घरचाच सुती सदरा आणि पायात चप्पल असू शकते. दोघेही एकाच आगीसमोर उभे असतात. काशिमिऱ्याच्या डोंगरासाठी पाड्यांमधल्या तरुणांना हंगामभराचे काम, जाड कापडाचे कपडे, बूट, शिटी, पाण्याच्या बाटल्या, विमा, आणि वारा उलटला तर कोणत्या वाटेने खाली पळायचे याचे शिक्षण देणे, हा एका बंबाच्या किमतीपुढे किरकोळ खर्च आहे.

पहिल्या तासाइतकेच महत्त्व शेवटच्या तासांना आहे, आणि तिथे श्रीमंत देशही चुकले आहेत. हवाई बेटांवरचे लाहायना हे गाव ८ ऑगस्ट २०२३ला जळाले, शंभरावर माणसे गेली. त्या सकाळी तुटलेल्या वीजतारांनी लागलेली आग अग्निशमन दलाने विझवली होती. ती विझली असे समजून दल निघून गेले, आणि दुपारी सुसाट वाऱ्यात तीच पुन्हा पेटली. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. लॉस एंजलिसच्या पॅलिसेड्स भागात ७ जानेवारी २०२५ला भडकलेली आग ही १ जानेवारीच्या एका छोट्या, विझलेल्या आगीचे मुळांत धुमसत राहिलेले रूप होते, असे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने नंतर सांगितले. जमिनीखाली जिवंत राहणारी आग मिरा-भाईंदरला परकी नाही. उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या कचऱ्याला पुन्हापुन्हा लागणाऱ्या आगी वरून शांत झाल्या तरी पोटातून धुमसत राहतात, हे पालिकेचे जवान जाणतात. तोच अनुभव रानात वापरायला हवा. ओंडके उलटणे, बुंध्याची राख चाचपणे, आणि जळलेल्या कडेने निदान एक दिवस-रात्र पहारा ठेवणे. यासाठीही पुन्हा माणसेच लागतात.

काशिमिरा म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, इथे गावे जळत नाहीत, हा आक्षेप निम्माच खरा आहे. आपली दमट हवा आणि बुटकी आग हे आपले भाग्य. तथापि पाड्यांवरची घरे पत्र्याची, गवताची, एकमेकांना चिकटलेली आणि आत गॅसची टाकी असलेली आहेत. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, साप, कासवे, कोवळी रोपे या बुटक्या आगीतच मरतात. आग निसर्गाचा भाग आहे, ती दाबली की इंधन साचते, हा अमेरिकेतला अनुभवही खरा आहे. पण तिथे विजेने पेटणारी जंगले आहेत. आपल्या कोरड्या महिन्यांत वीज जवळपास पडतच नाही. दरवर्षी माणसाने लावलेल्या आगीत रोपटे मोठे होण्याआधीच जळते, आणि रान हळूहळू गवताळ होत जाते. गवत तर पुढच्या वर्षी आणखी लवकर पेटते. हेलिकॉप्टरचे म्हणाल तर उत्तराखंडमध्ये २०१६ आणि २०२४मध्ये हवाई दलाने बादलीतून पाणी टाकले, ते योग्यच होते. पण वरून पडलेले पाणी आग मंद करते, रेषा तोडते माणूसच.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीने एक दार उघडले आहे. महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याचा अधिकार राज्यांना मिळाला आहे. त्याचे प्रमुख पालिका आयुक्त आणि उपप्रमुख जिल्हाधिकारी. मिरा-भाईंदरसाठी असे प्राधिकरण झाले, तर त्याच्या पहिल्या आराखड्यात पूर आणि इमारतींबरोबर वणव्याचे स्वतंत्र प्रकरण असावे आणि उद्यानाचे अधिकारी त्यात पाहुणे म्हणून नव्हे, सदस्य म्हणून बसावेत. त्या प्रकरणात तीन गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात: पेटलेल्या उतारावर आदेश कोणाचा, प्रत्येक पाड्यावर पहिली हाक कोणाला, आणि त्या माणसाचा रोज कोणत्या खात्यातून. हे काम जानेवारीत झाले पाहिजे, कारण जाळरेषा काढायला पंधरा फेब्रुवारीच्या आधीचेच दिवस मिळतात.