विहिरीच्या दगडावरची भाऊबंदकी

पावसाची झड लागली की वऱ्हाडातल्या जुन्या विहिरींचे चिरे हिरवे होतात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी असो की शेजारचं कुठलं गाव, या हिरवळीला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. पण त्यातला बुळबुळीत थर शैवालाचा, आणि नखाने उचलताच मातीसकट सुटून येणारा दाट पुंजका मॉसचा. शाळेच्या पुस्तकातली फ्युनारिया याच गटातली.

जगात मॉसच्या सुमारे १२ हजार जाती आहेत. भारतात दीड हजाराहून अधिक. लाइपझिगचे वैद्य योहान हेडविग यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८०१ साली आला आणि एक स्फॅग्नम सोडला तर मॉसची अधिकृत नावं तिथपासूनच मोजतात. आपल्याकडे सनदी अधिकारी एल. जे. सेजविक यांनी मुंबई इलाख्यात मॉस गोळा केली आणि इंग्लंडच्या एच. एन. डिक्सन यांनी ती तपासली. ‘फिसिडेन्स सेजविकाय’ या नावात ती कामगिरी टिकून आहे. पुढे जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर पुस्तक लिहिलं. म्हणजे भर राहिला तो सह्याद्रीवर. वऱ्हाड तर मुंबई इलाख्यात नव्हताच. १९०३पासून त्याचा कारभार मध्य प्रांताकडे होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या मॉसची ओळख पटवताना हाताशी येतात ते दमट घाटावर बेतलेले तक्ते.

हे अडतं कुठे, ते एका जोडीवरून कळतं. हायोफिला इन्व्होल्युटा आणि बारब्युला इंडिका, दोन्ही पॉटिएसी कुळातल्या. भारताच्या मैदानी मुलखात ओल्या भिंतींवर आणि दगडांवर त्या सर्रास सापडतात. उंची जेमतेम सेंटिमीटरभर, रंग हिरवट-तपकिरी. त्यात बारब्युलाचं नाव जुन्या भारतीय पुस्तकांत सेमिबारब्युला ओरिएंटॅलिस असं आढळतं. या दोन नावांमुळे नवख्याला एकाच मॉसच्या दोन जाती वाटायच्या.

पुंजका आधी कोरडाच बघावा. हायोफिलाच्या पानाच्या कडा आत वळून त्याची सुरळी होते. बारब्युलाची पानं पीळ घेऊन खोडाशी आवळतात. मग पाण्याचा एक थेंब सोडायचा. पाहता पाहता पानं उघडतात आणि हायोफिलाच्या पानाच्या शेंड्याकडे करवतीसारखे बारीक दाते भिंगातून दिसू लागतात. तरीही शंका उरली तर पान सूक्ष्मदर्शकाखाली न्यावं. बारब्युलाच्या पेशींवर दोन्ही बाजूंनी बारीक पुटकुळ्या असतात, मधली शीरही पाठीमागून खरखरीत असते. हायोफिलाच्या पेशी वरच्या अंगाने फुगीर, खालून गुळगुळीत.

सर्वांत पक्की खूण बोंडाची, म्हणजे बीजाणूंच्या कुपीची. बारब्युलाच्या बोंडाच्या तोंडाशी दातांची झालर असते, हायोफिलाचं तोंड बोडकं. पण कोरड्या मुलखात बोंड हाती लागेलच याचा भरवसा नाही. अशा जागी या दोन्ही मॉस पानांच्या बगलेत येणाऱ्या सूक्ष्म कळ्यांवर वंश चालवतात. मग निकाल त्या कळ्यांवरच लावावा लागतो. हायोफिलाच्या कळ्या देठाच्या आणि चांदणीसारख्या कंगोऱ्यांच्या, बारब्युलाच्या गोलसर, बुडाशी निमुळत्या.

उंची, रंग आणि पानाची लांबी यांवर मात्र विसंबू नये. त्याच विहिरीत पाण्याजवळचा पुंजका लांब पानांचा आणि गर्द, तर काठावरचा उन्हाने आखडलेला, पिवळट. घाटाच्या तक्त्यातली मापं वऱ्हाडात जशीच्या तशी लावली, तर एका जातीच्या दोन होतील किंवा दोघींची एक.

म्हणून नमुना घेताना पाण्याच्या पातळीपासून उंची, दगड की चुना, भिंतीची दिशा आणि तारीख हे सगळं पाकिटावर लिहायचं. पाकीट कागदाचं हवं. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. नीट वाळवलेली मॉस वर्षानुवर्षं टिकते आणि भिजवला की पानं पुन्हा मूळ आकार घेतात. एका विहिरीचे तळापासून काठापर्यंतचे असे नमुने ओळीने मांडले, तर ओलीबरोबर काय बदलतं आणि काय बदलत नाही हे समोरासमोर दिसेल. जे बदलत नाही, त्यावरच वऱ्हाडाचा स्वतःचा तक्ता बांधता येईल. सुरुवात इंझोरीच्या एखाद्या विहिरीपासून करायला काय हरकत आहे?