केबलवरील इंटरनेट वारंवार कां तुटतें?

भीमेच्या एका कांठास शिरूर व दुसऱ्या कांठास दौंड, अशा ह्या दोन तालुक्यांत सात-बाराचा उतारा काढणें, पीक विम्याचा अर्ज भरणें, कांद्याचे बाजारभाव पाहणें, मुलांच्या परीक्षेचे अर्ज करणें, हीं कामें आतां घरबसल्या इंटरनेटवर होतात. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें. पुढें ज्या गांवीं टेलिव्हिजनची केबल आलेली होती, तेथें कित्येक ठिकाणीं त्याच तारेवरून इंटरनेटही घरांत आलें. परंतु तें ऐन वेळीं तुटतें, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. हा दोष कोठें आहे हें शेतकऱ्यास स्वतः कसें ओळखतां येईल, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतों. पीक विम्याच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशीं आम्ही अर्ज भरावयास बसलों. निम्मा अर्ज भरून झाला आणि इंटरनेट गेलें. तें रात्रीपर्यंत आलें नाहीं व अर्ज राहिला. केबलवाल्याच्या मुलास आम्हीं चार माणसांदेखत नाहीं नाहीं तें बोललों. दोन दिवसांनीं तो शिडी घेऊन आला. माडीवरील टेलिव्हिजनसाठीं आम्हींच पूर्वीं भिंतीबाहेर एक जोड केला होता. त्यांत पावसाचें पाणी शिरून तांब्यावर हिरवा गंज चढला होता. जोड आमचा, आळस आमचा, आणि बोल मात्र त्या पोराला! महसूल खात्याच्या कारकुनींत हद्दीचे तंटे पाहण्यांत आमचें आयुष्य गेलें. मोजणी होण्यापूर्वीं शेजाऱ्यास दोष देऊं नये, हें आम्ही दुसऱ्यांस सांगत आलों आणि स्वतःच्या घरीं विसरलों.

म्हणून येथेंही आधीं हद्दी ठरवाव्या. कालव्याचें पाणी जसें मुख्य कालवा, चारी व शेतांतील पाट अशा तीन टप्प्यांनीं येतें, तसेंच इंटरनेट येतें. केबलवाल्याच्या केंद्रापासून आपल्या दाराजवळच्या खांबापर्यंत पहिला टप्पा. खांबापासून घरांतील मॉडेमपर्यंत दुसरा. आणि मॉडेमपासून मोबाइल किंवा संगणकापर्यंत तिसरा. तपासणी मात्र उलट, म्हणजे घरांतून बाहेर करीत जावी. कारण घरांतील दोष बिनखर्चाचा व आपल्या हातचा असतो.

तिसरा टप्पा बहुधा बिनतारी, म्हणजे वायफायचा असतो. जाड दगडी भिंत, पत्र्याचें छप्पर, लोखंडी कपाट हीं त्याचीं शत्रु होत. राउटर कोपऱ्यांत, कपाटामागें न ठेवतां घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा. त्याच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे दूर जाते, परंतु तिच्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर जलद, पण भिंतीपुढें लवकर थकते. खरी परीक्षा अशी, कीं संगणक तारेनें थेट जोडून पाहावा. संगणक नसल्यास मोबाइल राउटरपासून दोन हातांवर धरून पाहावा. तारेवर इंटरनेट नीट चालतें आणि खोलींत चालत नाहीं, तर केबलवाल्याचा त्यांत कांहीं अपराध नाहीं.

दुसऱ्या टप्प्याचा साक्षीदार म्हणजे मॉडेमवरील दिवे. ‘ऑनलाइन’ हा दिवा स्थिर असेल तर केबलचा संबंध जुळलेला आहे असें समजावें. तो वारंवार लुकलुकत असेल, तर दोष तारेंत किंवा तिच्या मागें आहे. केबलच्या मध्यभागीं तांब्याचा गाभा, त्याभोंवतीं पांढरें आवरण, त्यावर धातूची वर्खी व जाळी, आणि वर काळें कवच असतें. जाळीपर्यंत पाणी गेलें कीं तें आंतल्या आंत लांबवर पसरतें, म्हणून असा तुकडा पुसून भागत नाहीं. कापून नवाच घालावा लागतो. सर्व जोड हातानें घट्ट आहेत कां, उंदरानें किंवा खारीनें कवच कुरतडलें आहे कां, हें पाहावें. बाहेरील तार भिंतींत शिरण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातें.

एका तारेच्या दोन तारा करणारा जो स्प्लिटर असतो, त्यामुळें प्रत्येक शाखेस निम्म्याहूनही कमी सिग्नल मिळतो. मॉडेमच्या वाटेंत एकाहून अधिक स्प्लिटर असूं नयेत, नसल्यास उत्तमच. पुष्कळ मॉडेमांची माहिती ब्राउझरमध्यें १९२.१६८.१००.१ हा पत्ता घातल्यास दिसते. येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही ह्यांच्या दरम्यान असावा. गोंगाटाच्या मानानें सिग्नलचें प्रमाण ३३ डेसिबलच्या वर असावें. आणि मॉडेमकडून परत जाणारा सिग्नल ५० डीबीएमव्हीच्या आंत असावा. हा शेवटचा आंकडा वाढत चालला म्हणजे वाट बिघडली असून मॉडेमास अधिक जोरानें ओरडावें लागत आहे, असें समजावें.

पहिला टप्पा केबलवाल्याच्या हद्दींतला. वाटेंत खांबावर सिग्नल वाढविणारीं यंत्रें असतात व त्यांस वीज लागते. म्हणून आपल्या घरीं इन्व्हर्टर असला तरी वरच्या वस्तीची वीज जातांच आपलें इंटरनेट जाऊं शकतें. ऊसतोडीच्या हंगामांत उंच भरलेल्या ट्रॉल्यांनीं रस्त्यावरील लोंबती केबल तोडण्याचा धोका असतो. शिवाय ही तार सर्व वस्तीची सामाईक असते. सर्वांनीं एकाच पाळीस दारें धरलीं म्हणजे टोकाच्या शेतास जसें पाणी कमी मिळतें, तसें रात्रीं आठ ते दहाच्या सुमारास सर्वांचाच वेग मंदावतो. त्यास नवा मॉडेम हें औषध नव्हे.

कोणता दोष कोणत्या टप्प्यांत आहे, हें वेळेवरून कळतें. आणि वेळ स्मरणांत राहत नाहीं, ती कागदावर राहते. एका वहींत तारीख, वेळ, पाऊस किंवा ऊन, विजेची स्थिति, मॉडेमचे दिवे व तारेवरील वेग असे रकाने पाडून पंधरा दिवस नोंद करावी. पावसानंतर तुटत असेल तर जोडांत पाणी. रोज भर उन्हांत तुटत असेल तर सैल जोड. विजेबरोबर जात असेल तर खांबावरील यंत्र. रोज रात्रींच मंद होत असेल तर गर्दी, असा तर्क बहुधा खरा ठरतो. शेजाऱ्याच्या घरीं त्याच वेळीं काय होतें, हेंही विचारून लिहावें.

कित्येक ठिकाणीं आतां तांब्याच्या जागीं कांचेच्या तंतूची तार घरापर्यंत येते. तेथें पाण्याचा व गंजाचा प्रश्न कमी. परंतु तार काटकोनांत वांकवूं नये व तिच्या टोकाकडे डोळा लावून पाहूं नये. यंत्रावर तांबडा दिवा लागला तर तार तुटली किंवा दबली असें समजून केबलवाल्यास कळवावें. तार कोणतीही असो, वळवाचें गडगडाटी पाऊसमान दिसतांच यंत्राची विजेची पिन काढावी, आणि तांब्याची केबल असल्यास तीही आधींच सोडून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तारेस हात लावूं नये.

दोष बाहेरचा ठरल्यास वहीची नक्कल जोडून लेखी तक्रार द्यावी व तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या नियमांत आधीं तक्रार केंद्र व नंतर अपील अशा दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. तोंडी भांडणापेक्षां तारीखवार नोंद अधिक काम करते, हा आमचा कचेरींतील जुना अनुभव आहे. आणि मुदतीचें कोणतेंही काम अखेरच्या दिवसावर ठेवूं नये, हा घरचा नवा.

त्या मुलाची आम्हीं मागाहून माफी मागितली. त्यानें ती हंसून स्वीकारली आणि जातां जातां माडीवरील जोडास रबरी टोपी बसवून गेला. अर्ज मात्र राहिला तो राहिलाच.