फॉरमॅट करण्यापूर्वी अपडेटची बेगमी करा

घरात संगणक आला, मग तो जुना का असेना, की मुलांच्या शिक्षणाला मोठा हातभार लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजचा प्रकल्प, नोकरीचा बायोडाटा, आईच्या बचत गटाचा हिशेब, सारे त्यावर होते. आपल्या वस्त्यांतील घरांत हा संगणक बहुधा नवा कोरा नसतो. कुणाच्या कंपनीने मोडीत काढलेला असतो, कुणी जुन्या बाजारातून आणलेला असतो, तर कुणी हप्त्याने घेतलेला असतो. दोन-तीन वर्षांत तो कुरकुर करू लागतो. मग दुकानदार सांगतो, ‘फॉरमॅट मारावे लागेल, विंडोज नव्याने टाकू.’ आपण मान डोलावतो. संगणक घरी परत येतो आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

नव्याने टाकलेली विंडोज ही आजची नसते. ज्या दिवशी ती दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर भरली गेली, त्या दिवसाची असते. त्यानंतर निघालेल्या दुरुस्त्या, म्हणजेच अपडेट, तिच्यात नसतात. त्या इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात आणि त्यांचा आकार आता काही जीबीपर्यंत जातो. आपल्याकडे मोबाइलचे पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचे. ते संपले की अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ३ जीबी उतरवायला १०४ तास लागतात, म्हणजे चार दिवसांहून अधिक. इकडे मुलीच्या शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख परवावर आलेली असते!

कोकणात पाऊस सुरू होण्याआधी आगोटीची बेगमी करतात. तांदूळ, डाळ, सुकी मासळी, सरपण आधीच भरून ठेवतात. पाऊस लागल्यावर बाजार गाठता येईलच असे नाही, हे त्यांना ठाऊक असते. संगणकाचेही तसेच आहे. नेट हाताशी आहे तोवर अपडेट उतरवून जपून ठेवावेत. मग विंडोज नव्याने टाकली, तरी नेटवाचून ते बसवता येतात.

अपडेट कशाला हवेत?

‘संगणक चालतोय ना, मग अपडेटची कटकट कशाला?’ असे पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यासाठी दोन घटना सांगतो. विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी दुरुस्ती दिली. ११ ऑगस्ट २००३ रोजी त्याच दोषातून ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभर पसरला. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांचे संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. त्या काळात नवी विंडोज टाकून नेटला जोडलेला संगणक अपडेट उतरण्याआधीच किडीच्या तावडीत सापडत असे. नेटला जोडल्याशिवाय औषध नाही आणि जोडले की रोग, अशी ती कोंडी होती. अपडेट आधीच जमवून ठेवण्याची गरज लोकांना त्यातूनच पटली.

दुसरी घटना २०१७ ची. १४ मार्चला दुरुस्ती निघाली आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने धुमाकूळ घातला. या विषाणूने फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध निघून दोन महिने झाले होते, पण ज्यांनी ते घेतले नाही त्यांना फटका बसला.

आज परिस्थिती थोडी सुधारली आहे. विंडोजची भिंत, म्हणजे फायरवॉल, आता पहिल्यापासून चालू असते. तरीही आधारकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक ज्या संगणकात आहे, तो महिनोन्‌महिने दुरुस्तीवाचून नेटवर नेणे शहाणपणाचे नाही.

पेन ड्राइव्हवर काय काय भरावे?

३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह या कामासाठीच वेगळा ठेवा. तो ‘एफएटी३२’ पद्धतीने आखलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. म्हणून तो ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने आखून घ्या. विंडोज टाकण्याचा पेन ड्राइव्ह निराळा असतो आणि त्याला किमान ८ जीबी जागा लागते. मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने तो ताजा तयार केला, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होते. प्रत ताजी असली की उरलेले अपडेट थोडे राहतात.

आता बेगमी करू.

पहिली गोष्ट आपली स्वतःची. फोटो, दाखले, प्रकल्प, हिशेब यांची प्रत आधी दुसरीकडे काढा. फॉरमॅटमध्ये गेलेले अपडेट परत मिळतात, पण बाबांचा जुना फोटो परत मिळत नाही. घरात कुणी टायपिंगची कामे घेत असेल तर जुने मराठी फॉन्टही उतरवून ठेवा. ते विंडोजबरोबर येत नाहीत.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर नेट लागत नाही आणि नेट नसेल तर ड्रायव्हर मिळत नाही! म्हणून फॉरमॅटपूर्वी ड्रायव्हर काढून ठेवा. विंडोज १० व ११ मध्ये ‘पीएनपीयूटिल’ ही आज्ञा असते. तिच्या ‘एक्स्पोर्ट ड्रायव्हर’ या पर्यायाने बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये जमा करता येतात. हे जमत नसेल तर संगणकाच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पाहून, ज्या कंपनीचा संगणक आहे तिच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या.

तिसरी गोष्ट अपडेटची. आधी ‘विनव्हर’ ही आज्ञा देऊन विंडोजची आवृत्ती टिपून घ्या आणि ती ६४ बिटची आहे की ३२ बिटची, हेही पाहा. मग ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या आवृत्तीचा शेवटचा ‘क्युम्युलेटिव्ह अपडेट’ शोधा. क्युम्युलेटिव्ह म्हणजे एकत्रित. शेवटच्या संचात मागील सर्व दुरुस्त्या आलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक महिन्याची फाइल जमवत बसावे लागत नाही. विंडोज ११ साठी कधी कधी एका नावाखाली दोन फायली दिसतात. अशा वेळी दोन्ही घ्या आणि तिथे दिलेल्या क्रमाने बसवा. ‘डॉट नेट’चा संच वेगळा असतो, तोही घ्या. प्रत्येक अपडेटला ‘केबी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

चौथी गोष्ट नेहमीच्या प्रोग्रॅमची. ब्राउझर किंवा लिबर ऑफिस घेताना पूर्ण फाइल घ्या. काही छोट्या फायली नुसत्या नावाला असतात. त्या चालवल्या की बाकीचा माल नेटवरूनच मागतात.

पाचवी गोष्ट शेवटी घ्या. विषाणूंची ताजी यादी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरसाठी वेगळ्या फाइलमध्ये मिळते. ती लवकर शिळी होते, म्हणून फॉरमॅटच्या आदल्या दिवशीच उतरवा.

क्रम चुकवू नका

विंडोज टाकताना नेटची वायर काढून ठेवा. आधी ड्रायव्हर, मग क्युम्युलेटिव्ह अपडेट, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे, त्यानंतर डिफेंडरची यादी आणि शेवटी प्रोग्रॅम. एवढे झाल्यावरच नेट जोडा आणि काही राहिले आहे का ते तपासा. विंडोज ११ मात्र मांडणी चालू असतानाच नेट मागते. तेव्हा तिच्यासाठी वायफायचा ड्रायव्हर आधीच जवळ हवा. तो नसेल तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ करून पाहा. बहुतेक वेळा काम भागते.

आणखी एक सावधगिरी बाळगा. अपडेट कुणाच्याही हातचा घेऊ नका. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा. तिथे मायक्रोसॉफ्टची सही नसेल तर ती फाइल बसवू नका.

जुन्या संगणकाचे काय?

विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवले, त्यांच्यासाठी घरगुती वापराची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठेवली गेली. साधारणपणे २०१८ पूर्वीचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, आणि आपल्या घरांत नेमके तेच जास्त आहेत. अशांनी निदान शेवटचा मोफत संच तरी जपून ठेवावा. पण बँकेचे व्यवहार मुदत संपलेल्या विंडोजवर करू नयेत.

ज्यांना जमेल त्यांनी लिनक्सचा विचार करावा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत मिळते. तिथे ‘ॲप्ट-ऑफलाइन’ नावाची चांगली सोय आहे. नेट नसलेला संगणक लागणाऱ्या सामानाची यादी पेन ड्राइव्हवर लिहून देतो. ती यादी नेट असलेल्या संगणकावर न्यायची, माल भरायचा आणि घरी आणून बसवायचा. किराणा भरण्यासारखेच हे काम आहे.

एक पेन ड्राइव्ह, दहा घरे

प्रत्येक घराने तीन-चार जीबी उतरवण्याची गरज नाही. गल्लीत कुणाकडे तरी ब्रॉडबँड असतेच. तेथे एकदा उतरवलेला संच त्याच आवृत्तीच्या सर्व संगणकांना चालतो. वस्तीतील अभ्यासिकेने असा एक पेन ड्राइव्ह ठेवावा. मायक्रोसॉफ्टचा मासिक अपडेट अमेरिकेच्या वेळेनुसार महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. त्यानंतरच्या रविवारी कॉलेजच्या एका मुलाने किंवा मुलीने जुना संच काढून नवा भरावा आणि वहीत तारीख घालावी. एवढे काम अर्ध्या दिवसाचे आहे. पण ऐन अर्जाच्या दिवसांत कुणाचा संगणक बसला, तर त्या घरातील मुलाचे वर्ष वाचेल.