दहावी पास असेल तरच सरपंच?

गटाच्या बैठकीत आम्हाला नेहमी विचारतात, "ताई, विधानसभेनं केलेला कायदा कोर्टाला मोडता येतो का?" येतो. मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा टिकत नाही, असं राज्यघटनेच्या कलम १३ मध्येच लिहिलंय. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात त्याला आव्हान देता येतं.

पण कोर्ट बघतं काय? हरियाणाचं उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये तिथं कायदा आला, की पंचायतीची निवडणूक लढवायची तर दहावी पास हवं. महिलांना आठवी. अनुसूचित जातीच्या बाईला पंच व्हायला पाचवी. शिवाय घरात चालू संडास हवा, वीजबिल थकलेलं नको. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजबाला खटला म्हणतात तो हाच. म्हणणं साधं होतं: ज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांना तुम्ही बाहेर ठेवताय, मग कलम १४ ची समानता कुठं राहिली?

आता समानता म्हणजे सगळ्यांना एकच नियम, असं नव्हे. अंगणवाडीत गरोदर बाईला आहार मिळतो, आपल्याला नाही. तो काही अन्याय नाही. म्हणून कोर्ट दोन गोष्टी तपासतं. वेगळे काढलेल्या लोकांत खरोखर फरक आहे का? आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध लागतो का?

१० डिसेंबर २०१५ ला निकाल लागला: संबंध लागतो, शिक्षणानं कारभार सुधारतो, कायदा वैध. आम्हाला हे पटलेलं नाही. अंगठा लावणाऱ्या किती बायका गटाचा हिशोब तोंडपाठ ठेवतात, ते तुम्हीही बघता.

याच कसोटीवर आपल्या राज्याचा एक कायदा मात्र पडला. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, पण थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. बाईच्या प्रतिष्ठेसाठी बंदी, असं सरकार म्हणालं. मग मोठ्या हॉटेलात तोच नाच प्रतिष्ठेचा कसा? मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

आणखी एक. कोर्टानं वैध म्हटलं म्हणजे तो कायदा सरकारनं ठेवलाच पाहिजे असं नाही. पंचायतीसाठी शिक्षणाची अट राजस्थानातही होती. ती २०१९ मध्ये तिथल्या विधानसभेनंच काढून टाकली.