वाट सगळ्यांची : गणेशगुडीच्या थांब्यावर

हुबळी-धारवाडची ‘चिगरी’ बस ज्या महामंडळाची, त्याच वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची बस गणेशगुडीला येते. चिगरीच्या स्थानकात फलाट आणि बसची जमीन एका पातळीत असते. दार उघडलं की चाकाची खुर्ची सरळ आत जाते, कुणाला उचलावी लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचं रीतसर उद्घाटन झालं, त्याला उपराष्ट्रपती आले होते. गणेशगुडीला मात्र बसमध्ये चढायचं तर आधी रस्त्याकडेच्या चिखलात पाय रोवून उभं राहायला जमलं पाहिजे. मागच्या दोन लेखांकांत आपण शहरांतले फुटपाथ आणि लो-फ्लोअर बस पाहिल्या. या आठवड्यात काळी नदीच्या खोऱ्यात जाऊ. कायदा इथेही तोच आहे. तो नेमका कुठे अडतो, हे डोंगरात जास्त स्वच्छ दिसतं.

गणेशगुडीची ओळख आज राफ्टिंगमुळे आहे. शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळी, गोवा, पुणे इकडच्या गाड्यांची रांग लागते. पण मुळात ही सुपा धरणाच्या कामावर वाढलेली वसाहत. धरण १०१ मीटर उंच. काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचं सुपा गाव, म्हणजे तालुक्याचं जुनं ठाणं, त्या पाण्याखाली गेलं. बरीच माणसं रामनगरला वसवली गेली, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि मोठा बाजार दांडेलीचा, तोही वेगळ्या तालुक्यात. सुपा बुडालं नसतं तर सगळं एकाच पेठेत मिळालं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तरी आज स्थिती अशी, की पेन्शनच्या कागदाला जोयडा, बाजाराला दांडेली, जिल्ह्याच्या कामाला घाट उतरून कारवार, आणि दुखणं मोठं असेल तर हुबळी नाहीतर बेळगाव. तालुका जवळपास १,९०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिप्पट. वस्ती मात्र पन्नास हजारांच्या आसपास, तीही जंगलात वाडीवाडीनं विखुरलेली. धडधाकट माणसाचाही एका सहीसाठी दिवस मोडतो.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले ६९ टक्के खेड्यांत राहतात. आपली चर्चा मात्र मेट्रो, विमानतळ आणि मॉलच्या लिफ्टभोवती फिरते. बोलणारे शहरात असतात, दुसरं काय!

आता बसच्या दारापाशी येऊ. साध्या बसची पहिली पायरी जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर असते. आपल्या घरच्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटिमीटरची. म्हणजे पहिल्याच पावलाला दोन पायऱ्यांहून जास्त उंची एकदम चढायची, आणि त्यापुढे आतल्या पायऱ्या आहेतच. पण ४० हा झाला कागदावरचा आकडा. रस्त्यावर दर वेळी नवं डांबर पडतं तसा रस्ता वर येतो. साईडपट्टी तिथेच राहते, आणि इथला पाऊस तिच्यावरचा मुरूमही धुऊन नेतो. बस डांबरावर उभी, माणूस खाली साईडपट्टीवर. मधली उंची गुडघ्याला लागते. ड्रायव्हरनं डावी चाकं खाली घेतली तर पायरी जवळ येते खरी, पण जुलैत तो ती घेणार नाही. चाक रुतलं तर अख्खी बस खोळंबते. आणि जुलै म्हणजे हातात छत्री. एका हातात कुबडी, दुसऱ्यात छत्री, मग दाराचा दांडा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तोवर आतून कंडक्टरची हाक येते, ‘बेगा, बेगा!’ म्हणजे लवकर. कंडक्टर दुष्ट नसतो. उलट कैक वेळा तोच खाली उतरून काखेत हात घालतो आणि वर घेतो. पण ज्या सोयीला कुणाच्या तरी चांगुलपणाची गरज लागते, ती उद्या दुसरा कंडक्टर आला की संपते.

ज्याला दिसत नाही त्याची अडचण वेगळी. त्याला पायरी जमते, पण आलेली बस जोयड्याची की दांडेलीची हे कळायला हवं. इथे कंडक्टरचा आवाज हीच उद्घोषणा. ज्याला ऐकू येत नाही त्याला पाटीच वाचावी लागते, आणि ती चिखलानं माखलेली नसली म्हणजे मिळवली.

सवलतींच्या बाबतीत सरकारं कंजूष नाहीत. कर्नाटकात दिव्यांगांना राहत्या गावापासून १०० किलोमीटरच्या टापूत सवलतीचा वार्षिक पास मिळतो. गणेशगुडीहून कारवार, धारवाड, बेळगाव हे सगळं त्या टापूत बसतं. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. महाराष्ट्रात एसटी दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट देते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी वेगळं खातंच काढलं. हे सगळं चांगलंच आहे. फक्त या सगळ्या सवलती बसमध्ये चढून सीटवर बसलेल्या माणसासाठी आहेत. जो खालीच राहिला त्याच्या खिशातला पास कोराच राहतो. शिवाय तिकीट फुकट झाल्यावर गर्दी वाढली, आणि गर्दीत सगळ्यात आधी मागे पडतो तो कुबडीवाला. सवलत द्यायला एक आदेश पुरतो, पायरी खाली आणायला गवंडी लागतो. सरकारला पहिलं काम सोपं वाटतं यात नवल नाही.

कायदा काय म्हणतो? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं ४१वं कलम वाहतुकीचं. बस थांबे, रेल्वे स्टेशनं, विमानतळ इथे सोयी करा, वाहनं वापरण्याजोगी करा, जुनी वाहनंही सुधारून घ्या, असं ते सांगतं. जुन्या वाहनांपाशी आल्यावर मात्र अटी जोडल्या आहेत : तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर, परवडत असेल तर, बांधणीत मोठा बदल करावा लागत नसेल तर. या ‘तर’मध्ये डोंगरातली प्रत्येक बस बसवता येते. कमी उंचीची बस घाटातल्या खड्ड्यांवर आणि गतिरोधकांवर खाली घासते, हे खरंच आहे. म्हणून गणेशगुडीला लो-फ्लोअर बस द्या अशी मागणी मी करणार नाही. दिली तरी ती आठवडाभरात वर्कशॉपला लागेल.

नव्या बसना ही सबब नाही. १ मार्च २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आहे : राखीव आसनं आणि त्यांच्या खुणा, धरायला दांडे, कुबडी-काठी-वॉकर अडकवायची जागा, चाकाची खुर्ची आत घेण्याची आणि जागेवर बांधून ठेवण्याची व्यवस्था. कुबडी अडकवायची खोबण ही वरवर क्षुल्लक गोष्ट. पण अणशी घाटाच्या वळणावर कुबडी घरंगळत मागच्या सीटखाली गेली, की उतरताना ती कोण शोधून देणार या धास्तीत माणूस आख्खा प्रवास करतो.

नियम असून अंमल का होत नाही, याचं एक उत्तर सर्वोच्च न्यायालयात मिळालं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली याचिका केली होती. २०१७ मध्ये न्यायालयानं सरकारांना मुदती घालून दिल्या, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आणखी मुळाशी हात घातला. कायद्यात सोयी ‘केल्याच पाहिजेत’ असं आहे. पण त्याखालच्या १५व्या नियमात जी मानकं जोडली होती, ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं होती. म्हणजे मूळ कायदा हुकूम देतो आणि नियम सल्ला. न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि कमीत कमी काय बंधनकारक, हे तीन महिन्यांत ठरवा असं केंद्राला सांगितलं. मला या निकालातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच : दूरचे मोठाले संकल्प बाजूला ठेवून आधी न टाळता येणारं किमान काय ते ठरवा.

मग गणेशगुडीचं किमान काय? इथे दोन परदेशी उदाहरणं कामाची आहेत. ५ जुलै १९७८ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९ दिव्यांगांनी भर चौकात दोन बसना वेढा घातला आणि रात्रभर हलले नाहीत. त्यांची मागणी बसला लिफ्ट बसवा ही होती, म्हणजे बदल वाहनात. १९९० साली तिथे कायदा झाला आणि नव्या बसना सोय सक्तीची झाली. दुसरीकडे ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९९१ साली उलटा विचार केला : बस उंच आहे ना, मग थांबाच उचला. काचेच्या नळकांड्यासारखे थांबे, त्यांची जमीन बसच्या पातळीत. चिगरी याच घराण्यातली.

डोंगरात मला दुसरा रस्ता जास्त पटतो. चिगरीसारखा पूर्ण उंचीचा फलाट इथे चालणार नाही, कारण साध्या बसच्या दारात आत पायऱ्या असतात. पण रस्त्याच्या पातळीपासून २० सेंटिमीटर उंच सिमेंटचा चौथरा घातला तर पहिली पायरी अर्ध्यावर येते. उताराचं रूढ गणित एकास बारा. २० सेंटिमीटर चढायला २ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. रुंदी १ मीटर २० सेंटिमीटर असली की चाकाची खुर्ची सहज येते. वर पत्रा, दोन्ही बाजूंना दांडा, कडेला पायाला जाणवेल अशी खरखरीत पट्टी. गावच्या गवंड्याचं चार दिवसांचं काम. फायदा नुसता दिव्यांगांचा नाही. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या, गरोदर बाया, पाठीवर दप्तर घेतलेली पोरं, सगळ्यांचीच पायरी खाली येते.

चौथऱ्यानं चाकाच्या खुर्चीचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. कुबडीवाला चढेल, खुर्चीवाल्याला अजूनही उचलावंच लागेल किंवा भाड्याची जीप करावी लागेल. सरकारी वाटपात मिळणारी हातानं चालवायची तीनचाकी सायकल इथे जवळपास निकामी. चढावर हाताचं पॅडल फिरत नाही आणि उतारावर ब्रेक पुरत नाही, म्हणून ती बरेचदा पडवीत लाकडं ठेवायच्या कामी येते. मागे जादा चाकं लावलेली स्कूटर मात्र खरंच उपयोगाची, आणि कर्नाटक सरकार ती देतंही. जोयड्याच्या रस्त्याला अशी स्कूटर म्हणजे पाय परत मिळण्यासारखंच. पण ती ज्याचे हात-डोळे शाबूत आहेत त्याच्यासाठी. वाडीपर्यंत रस्ताच नसेल, जिथून आजारी माणसाला आजही कांबळ्याच्या झोळीतून आणावं लागतं, तिथे स्कूटर तरी कुठवर जाणार?

अशा ठिकाणी प्रवास सोपा करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रवासच कमी करणं. प्रमाणपत्र, पेन्शन, आधार, ओळखपत्राचं नूतनीकरण, यांपैकी प्रत्येकासाठी वेगळी खेप का? ठरलेल्या वारी एकाच छताखाली, तेही गणेशगुडी, कुंभारवाडा, रामनगर असं फिरतं शिबिर लावलं तर वर्षाच्या निम्म्या खेपा वाचतील. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले असतात, आणि या कामासाठी दिव्यांग व्यक्तींचीच निवड होते. कल्पना चांगली. मात्र घरोघर फिरायचं काम अंगावर घेतलेल्या त्या कार्यकर्त्यालाही तीच बस आणि तीच पायरी. सेवा माणसाजवळ न्यायची तर आधी कार्यकर्त्याच्या येण्याजाण्याची सोय बघायला हवी.

माणसानं शहरात जाण्याऐवजी काम डोंगरात आणणं, याचा आपल्याकडचा नमुना सिंधुदुर्गात आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, स्वतः चाकाच्या खुर्चीवर, यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्थेनं मोरे गावी काजूप्रक्रियेचं केंद्र उभं केलं. तिथे राहणं आणि काम एकाच आवारात. रोजच्या बसचा प्रश्नच निकालात.

पैशाचं काय? कर्नाटकात ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. महाराष्ट्रातही तसंच आहे. हा पैसा बहुतेक वेळा वस्तुवाटपात जातो, कारण वाटपाचा फोटो निघतो. चौथऱ्याचा निघत नाही. पण खरी मेख पैशात नाही, मालकीत आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, बस महामंडळाची, निवारा पंचायतीचा नाहीतर आमदार निधीतून आलेला, ज्यावर गावाच्या नावापेक्षा देणाऱ्याचं नाव मोठं असतं. थांबा मात्र या तिघांपैकी कुणाचाच नसतो. चौथरा रस्त्याच्या हद्दीत येतो म्हणून पंचायत हात लावत नाही. प्रवाशांची सोय हे आपलं काम नव्हे म्हणून बांधकाम खातं बघत नाही. महामंडळ म्हणतं, आम्ही फक्त बस थांबवतो. म्हणून ग्रामसभेचा ठराव करताना एकाच पत्राच्या तीन प्रती काढाव्यात : बांधकाम खात्याकडे जागेच्या परवानगीसाठी, पंचायतीकडे ५ टक्क्यांतल्या खर्चासाठी, आणि तिसरी बस जिथून सुटते त्या डेपोच्या व्यवस्थापकाकडे. ही तिसरी प्रत लोक विसरतात. चौथरा झाला तरी बस त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली तर दोन्हींच्या मधे खड्डा तयार होतो, आणि तो आधीच्या पायरीपेक्षा वाईट. तेव्हा डांबरावर, बसचं दार जिथे यायला हवं तिथे, एक जाड पांढरा पट्टा मारून घ्यावा, आणि डेपोच्या सूचना फलकावर ड्रायव्हरांसाठी एक ओळ लावून घ्यावी : गणेशगुडीला दार पट्ट्यासमोर.